तिरुप्पनंदाळच्या वाटेवरचे दोन ठोके

अन्याय झाला तो माझ्या मामांवर, गोविंदरावांवर. १९८८ च्या मार्गळीतला पहिला शनिवार, दुपारी तीन-साडेतीनची वेळ. आम्ही कुंभकोणमकडचे मराठी; मार्गळी हा इकडचा तमिळ महिना, साधारण तुमचा मार्गशीर्ष. मरुदानल्लूर ते तिरुप्पनंदाळ या पायवाटेवरचे दिशादगड सरकारी खात्याने उपटले, मोरीच्या दुरुस्तीत घातले आणि नवे लावलेच नाहीत. मामा फाट्यावर चुकले, जलपर्णीखालच्या खोल पाण्यात बुडाले. हे सगळं मी पॅम्फ्लेटमध्ये छापून कुंभकोणमभर वाटलं. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. देवावरही फारसा नाही — आमच्या घरी कळवू नका.

आमची भजनाची मंडळी दर मार्गळीत ही वाट दिवसभरात चालते. बांध अरुंद, माती चिकट... पुढच्याने मागे वळून पाहिलं तर पाय घसरलाच. म्हणून शेवटच्या माणसाच्या हातात झांज. फाटा ओलांडून तो एक ठोका देतो, म्हणजे सगळे आले. दोन ठोके म्हणजे थांबा, वाट चुकली. शेवटी कायम मामाच असत.

पुढच्या मार्गळीत मी त्या वाटेच्या सर्व्हेला निघाले. सोबत मामांची मुलगी रुक्मा. मामींनी मामांची झांज सुतळीने बांधून दिली होती. दोघीच तर होतो, वाजवायची कुणासाठी? मी ती पॅम्फ्लेटांत गुंडाळून माझ्या पिशवीच्या तळाशी टाकली.

मेलकावेरी मागे पडलं. पुढे केळी, ऊस, आणि दगडांच्या जागी नुसते खड्डे. पहिल्या फाट्यावर मागून एक ठोका आला. दुसऱ्यावरही आला. मागे रुक्मा होती, मी चालत राहिले. कान इतके सरावलेले, की झांज माझ्याच पिशवीत आहे हे डोक्यातही आलं नाही.

तिसऱ्या फाट्यावर वाकून मी खड्ड्याचा फोटो घेत होते. लख्ख ऊन होतं. अगदी पाठीशी दोन ठोके वाजले.

"रुक्मा, आता काय झालं?" मी वैतागून विचारलं.

उत्तर समोरून आलं, उसापलीकडून. "अक्का, मी पुढें आहें. ये, एथें छान हिरवळ आहे."

मी फोटोत गुंतले असताना ती बाजूने पुढे गेली होती. माझी मान वळेना. पाठीमागे कुणीतरी उभं होतं, एवढं मला नक्की कळत होतं. परत दोन ठोके... इतके जवळ, की पितळेचा घुमारा दातांत जाणवला.

"पाऊल टाकू नकोस," मी कशीबशी म्हणाले. "आधी हिरवळीत हातातली काठी घालून बघ."

 मग रुक्मा, अगदी बारीक आवाजात: "काठी सगळी आंत गेली, अक्का... तूं दोनदां झांज कां वाजवलीस?"

ती परत येऊन हाताला लागेपर्यंत मी तशीच वाकलेली होते. मग वळले. बांधावर कुणी नव्हतं. ओल्या मातीत आमच्या दोघींचेच ठसे. पिशवी उपसली, तर झांज पॅम्फ्लेटांत तशीच, मामींची गाठ न सुटलेली. रुक्मा ती गाठ हातात धरून तिथेच बसली. मामा सापडले होते ते याच पाण्यात.

आता जे पॅम्फ्लेटमध्ये छापलं नाही ते लिहिते. त्या शनिवारी मंडळीच्या पुढे मी होते. या फाट्यावर ठोका आला नाही. मागून कुणीतरी म्हणालंही, गोविंदराव राहिले वाटतं. म्हातारा दमला असेल, येईल मागून, असं म्हणून मी चालत राहिले.

दगड अजून लागलेले नाहीत.  दगडांच्या अर्जावर सही मी तुमच्याकडून घेणारच आहे. पण त्याआधी हे करा: चालताना शेवटच्या माणसाचा ठोका आला नाही, तर थांबा. कारणं शोधू नका. मागे जा.