डॉक्टरांपासून लपवलेला काचबिंदू

आमचे हे गेले, माझी झोप उडाली. म्हापशाच्या डॉक्टरांनी मनासाठी गोळ्या लिहिताना "आणखी काही आजार?" असं विचारलं, आणि मी काचबिंदू लपवला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हातारी ठरायचं नव्हतं. अक्कल तेवढीच.

डिचोलीचा फार्मसीवाला मात्र माणसं औषधांवरून ओळखायचा. मी पायरी चढले की न मागता माझे डोळ्यांचे थेंब फ्रीजमधून काढायचा. बोलायचा मोजकं, तेही कपाटाकडे तोंड करून. त्या दिवशी नवी चिठ्ठी वाचून तो माझ्याकडे वळला.

"बाय, डोळ्यांचें सांगलें डॉक्टराक?"

"झोपेच्या गोळीला डोळे कशाला?"

"ह्या गोळीन डोळ्यांतलो दाब वाडूंक शकता. आसा ती नजर वतली." आहे ती नजरही जाईल, असं त्याने स्पष्टच सांगितलं.

गिऱ्हाइकं खोळंबली तरी त्याने तिथूनच फोन लावला. म्हापशाच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून गोळी बदलली. तोवर अख्ख्या दुकानाला माझे दोन्ही आजार कळले होते.

"चार लोकांत माझी लाज काढलीत," मी फणकारले.

तो म्हणाला, "लाज वाटूं दी, बाय. पण फुडल्या म्हयन्यान माझें तोंड दिसलें म्हणजे जालें तुका."