जाऊबाईंची मिसरी आणि माझी दाढ

वडगाव रासाईहून यवतला नांदायला आले, त्याच वर्षी माझ्या तोंडाला वास यायला लागला. दोन वेळा ब्रश, वर लवंग, वेलदोडा, बडीशेप, सगळं करून पाहिलं. तासाभरात वास परत हजर. थोरल्या जाऊबाईंनी गल्लीभर सांगून टाकलं की धाकटी चोरून मिसरी लावते. मी उभ्या जन्मात मिसरीला बोट लावलं नव्हतं. त्यांची स्वतःची डबी मात्र दिवसभर कमरेला खोचलेली असायची.

भावकीत एका पोराचं जावळ होतं. पंगत बसली, मी भाजीचं पातेलं उचललं. जाऊबाईंनी चारचौघींत ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू नगं वाढू. मान्सं जेवायची न्हाईत."

त्या दिवशी मी उपाशीपोटी भांडी घासली आणि घासता घासताच ठरवलं की हे फेडायचं.

खाली, अगदी मागे माझी हिरडी सुजायची. दवाखान्याचं नाव काढलं की जाऊबाई म्हणायच्या, "दाढ काढली की डोळं जात्यात. आंधळीला कोन सांभाळंल?" सासूबाईंनाही ते पटायचं. पुढे नवरासुद्धा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "दौंडला दवाखान्यात नेताय, का वडगावला नेऊन सोडताय?"

त्यानं कंपनीत रजा टाकली.

दौंडच्या डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं. अक्कलदाढ अर्धीच वर आली होती, तिच्यावर हिरडीचा पापुद्रा. त्याखाली अन्न अडकून कुजत होतं, पू झाला होता. "तिथं ब्रश पोचतच नाही, वास जाईल कसा?" ते म्हणाले. आधी गोळ्या दिल्या, सूज उतरल्यावर दाढ काढली. जखम भरली आणि वास गेला. घरी मी मुद्दाम जाऊबाईंसमोर बसून सुईत दोरा ओवला.

तेवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. काही वर्षांनी जाऊबाईंच्या हिरड्यांतून पू यायला लागला, दाढा हलायला लागल्या. त्या बोलू लागल्या की बायका नाकाला पदर लावायच्या. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

माझ्या मुलाच्या जावळाला त्या पातेलं घेऊन वाढायला निघाल्या. मी ते काढून घेतलं.

"तुमी नगा वाढू, जाऊबाई. मान्सं जेवायची न्हाईत."

त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. पंगत उठल्यावर माझ्याजवळ येऊन पदराआडून त्यांनी विचारलं, "तुजा दौंडचा डागतर कुठं बसतो गं?"

"कशाला? दाढ काढली की डोळं जात्यात," मी म्हणाले आणि बायकांना कुंकू लावायला गेले.

पत्ता मला तोंडपाठ होता. दिवाळीत सगळ्यांदेखत मी त्यांच्या ताटात चकल्या वाढल्या. त्यांना एकही चावता आली नाही. मग पत्ता सांगितला.