चेंडू अंपायरच आणणार

आमच्या शहरातल्या कंपू वस्तीच्या मैदानावर रविवारी सकाळी आम्ही टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतो. नियम गल्लीतलेच. भिंतीला लागला तर दोन रन, थेट पलीकडे गेला तर आउट. एकच नियम माझा आहे. चेंडू बाहेर गेला की कोणी हलायचं नाही, तो अंपायर आणणार. अंपायर मी, फौजेतला निवृत्त हवालदार, गुडघ्याने अधू. नवे खेळाडू हसतात. हसू देत.

मी सीमेवरच्या एका उंच पोस्टवर सेक्शन कमांडर होतो. हेलिपॅडएवढीच सपाट जागा. ड्यूटी संपली की दुपारी तिथे क्रिकेट. भोवती तार, तारेपलीकडे आपल्याच फौजेने पेरलेले माइन्स. म्हणून पोस्टवर तारेपलीकडे गेलेला चेंडू मेला, असं ठरलेलं होतं. नाईक जाधव माझ्याच शहरातला, दाना ओली भागातला. त्याच्या गल्लीत लहानपणापासून एकच कायदा, ‘जो मारेगा वो लाएगा’. तो त्याच्या अंगात मुरला होता. बॅट हातात असतानाच याचे पाय पळायला लागतात, अशी आम्ही त्याची थट्टा करायचो.

त्या दिवशी ताज्या बर्फात एका कोपऱ्यातली तार बुडाली होती. जाधवने उंच फटका मारला आणि बॅट टाकून चेंडूमागे धावला. मी शिट्टी वाजवली. तो थांबला, पण तार मागे राहिली होती. वरचा बर्फ घसरला आणि त्याच्या पावलांचे ठसे बुजले; आल्या पावली परतायची सोय उरली नाही.

“हलू नकोस,” मी म्हणालो.

तो हलला नाही. मी वायरलेस सेटवरून कंपनीला कळवलं. उत्तर आलं, “माइन्स काढायला इंजिनिअर पार्टी निघाली आहे. रस्ता बंद, पायी येत आहेत. जवानाला जागेवरच ठेवा. ओव्हर.”

उतारावर, गुडघाभर बर्फात, त्या वाऱ्यात माणूस जागेवर कसा ठेवायचा? दोर फेकला, तो तोकडा पडला. दुसरा जोडला, तो वाऱ्याने भरकटवला. मी स्वतः जातो म्हटलं, तर सेटवरून साफ मनाई झाली. मग मी त्याच्याशी नुसता बोलत राहिलो. त्याने धाकट्या भावाचं, सुनीलचं लग्न जमल्याचं सांगितलं. पाय बधिर झालेत, हेही सांगितलं. मी पुन्हा सेट उचलला आणि हवालदाराने करू नये अशी गयावया केली. पार्टी अजून अर्ध्या वाटेवर होती.

चेंडू त्याच्या हाताशीच पडला होता. त्याने तो उचलून आमच्याकडे फेकला.

“दादा, मिळाला?”

“मिळाला. उभा राहा, जाधव.”

“पाय साथ नाही देत आहे, दादा.”

तो एका कुशीवर कलला. स्फोटाचा आवाज फार मोठा नव्हता. मनाई असूनही मी गेलो. कसा गेलो, आठवत नाही. त्याला तारेच्या आत आणलं तेव्हा त्याचा श्वास थांबला होता.

सुनील आता आमच्यात खेळतो. चेंडू भिंतीपलीकडे गेला की सवयीने दोन पावलं धावतो. मी शिट्टी वाजवतो. भावासारखाच तोही लगेच थांबतो. मग मी लंगडत जातो, चेंडू आणतो आणि सुनीलच्या हातात देतो.