थोरली, खोकली, गाणारी आणि मुकी

हरिबाअप्पांच्या घरामागं पत्र्याच्या शेडखाली चार जुन्या मॅटाडोर पिकअप उभ्या होत्या. चौघींना गावानं आवाजावरून नावं ठेवलेली. थोरली सगळ्यात आधी आलेली, आणि चालू व्हायची ती पारावरच्या म्हाताऱ्यासारखी: ढग्... ढग्... जरा विचार, आणि मग एकदम ढगढगढगढग, की मधी कुणी बोलायचंच नाही. खोकली तीनदा खोकायची, काळा धूर सोडायची आणि कुणी बघत नाही ना, अशा बेतानं निघायची. गाणारीचा पट्टा चढावर सूर लावायचा, चीईईई, आणि उतार आला की गप्प. मुकीचा हॉर्न ती आली त्या दिवसापासून वाजलाच नाही. म्हणून तिच्या केबिनमध्ये खिडकीशी अप्पांच्या बायको, चंद्रभागाक्का, बसायच्या. वाटेत म्हैस दिसली की दारावर हात बडवून ओरडायच्या, "सरका की वोऽऽ! ब्रेक बी असाच हाय हिचा!" म्हैस सोडा, समोरची लॉरीसुद्धा बाजूला व्हायची.

आमचं घर अप्पांच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळं हे सगळं कानात भरलेलं. हुमनाबादच्या अलीकडं आमचं गाव. तिथून गुलबर्ग्याच्या अडतीवर अप्पांनी चाळीस वर्षं तूर वाहिली, आणि तूर नसेल तेव्हा माणसं. माझी आई गाणारीत बसून सासरी आली. अजून सांगते, "चढावर गाडी गात होती, मी रडत होते, आन दोघींचा सूर एकच!" पलीकडच्या यल्लम्माची सुधारानी तर दवाखान्याच्या वाटेवर खोकलीतच जन्मली. तिला सर्दी झाली की सगळे म्हणतात, "बगा, गाडीवर गेली पोरगी."

पुढं बारके टेम्पो आले, अप्पांची नजर अधू झाली आणि गाड्या शेडखाली गेल्या. पण विकली एकही नाही. अप्पांचा स्वतःचा एक कायदा होता. खंडेनवमीला चारी गाड्या धुवायच्या, झेंडूचे हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचं. जी आपल्या इंजिनावर चालून लिंबू फोडील ती वर्षभर जिवंत. जी फोडणार नाही ती विकायची. "कायदा म्हंजे कायदा," अप्पा बोट वर करून म्हणायचे.

आणि मग स्वतःच तो मोडायचे. एका वर्षी लिंबू चाकाला इतकं चिकटवून ठेवलं की सेल्फच्या एका झटक्यात चिरडलं. दुसऱ्या वर्षी खोकलीच्या मागच्या चाकांखाली विटा घालून उतार केला आणि गाडी नुसती सोडून दिली.

अक्का म्हणाल्या, "इंजिन कुठं वाजायलंय?"

"मनात वाजायलंय," अप्पा म्हणाले.

यंदाच्या नवमीला अप्पांनी चारी गाड्यांत बसून चावी फिरवली. चारदा नुसतं टिक्. विटा त्यांनी मागितल्या नाहीत. चारी लिंबं गोळा केली, अक्कांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सरबत कर."

वास लागल्यासारखा तिसऱ्या दिवशी संगमेश्वर आला. यानं महामार्गावर नवं हॉटेल घातलंय. तो एका वाक्यात तीन राज्यं फिरून येतो. "नोडरी, बगा अप्पा, टेन्शन नक्को. चारी गाड्या मला द्या. गुलाबी रंग मारतो, मागं टेबल टाकतो, लायटिंग करतो. लोकं वर बसून दोसा खातील, फोटो काढतील. एकदम फस्क्लास!"

"पन चालनार न्हाईत व्हय त्या?"

"चालून कुठं जायचंय अप्पा? गिऱ्हाईक चालत येतंय की!"

विचार करायला महिनाभर देऊन तो गेला. संध्याकाळी गुलबर्ग्याहून शिवराजचा, म्हणजे अप्पांच्या मुलाचा, फोन आला. शिवराज ऑफिसात साहेब आहे. घरी बोलतानाही तो घसा खाकरून सुरुवात करतो. "हं. तर अप्पा, प्रॅक्टिकल बघा. पत्रा गंजायलाय. अजून दोन वर्सांनी त्यो संगमेश्वर बी घेनार न्हाई. आन तुमी रोज तितं जाऊन बसता कामून? मच्छरं चावतात."

"वळखीची हायत," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

पण रात्रभर त्यांना झोप नव्हती. गाड्या गेल्या तर आपण काय म्हणून उरायचं, हाच त्यांचा प्रश्न. गावात हरिबा म्हणून त्यांना कोण ओळखतंय? 'गाडीवाले अप्पा' म्हणूनच ओळखतात. सकाळी त्यांनी रत्नपालला बोलावणं धाडलं. हा जनवाड्याचा, हुमनाबादला गॅरेज आहे, आणि पाना धरायला अप्पांकडंच शिकला. तो दोन तास गाड्यांखाली पडून होता. हात पुसत बाहेर आला.

"अप्पा, खरं सांगू का बरं वाटंल असं सांगू?"

"आधी बरं वाटंल असं सांग."

"नव्यासारखी पळंल गाडी."

"आन खरं?"

"एकच पळंल. ह्यांचं सामान आता कुटंच गावत न्हाई. थोरलीचं इंजिन चांगलं हाय, गाणारीचा गिअरबॉक्स, खोकलीचा पंप. चौघींचं मिळून एक व्हतंय. बाकीच्या तिगी निस्ता पत्रा. तेवा, कंची ठिवायची ते तुमी सांगा."

झालं! ही बातमी गावात पोचायला गाडी लागली नाही. आमची आई गाणारीसाठी भांडायला आली. यल्लम्मा हातातलं लाटणं घेऊनच आली. "माझी लेक झाली तिच्यात. खोकलीला पाना लावून तर बग!" अप्पा ओट्यावर बसून सगळ्यांचं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "थोरली. तिनं मला डायवर केलं. बास."

"मला कुनी इचारलं का?" दारातून अक्का म्हणाल्या. त्या तूर पाखडत होत्या. सूप थांबलं होतं. "मुकी ठिवा."

"मुकी? अगं, हॉर्न न्हाई, दार लागत न्हाई..."

"कमलापूरची गोष्ट सांगा की ह्येंना."

गुलबर्ग्याच्या वाटेवरच्या कमलापूरची ही गोष्ट गावाला पाठ आहे. अप्पा ती दोन्ही हात स्टेअरिंगवर धरल्यासारखे करून सांगतात: "अंगात ताप फनफनलेला, डोळ्यापुढं एकाचे चार रस्ते दिसायलेत, मी मधल्यावर घातली मुकी आन थेट घरी!"

"चारातला मधला कंचा वो?" अक्कांनी विचारलं.

आम्ही सगळे हसलो. अप्पा हसले नाहीत. खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला.

"मी न्हाई चालवली," ते म्हणाले. "हिनं चालवली. मी मागं रिकाम्या पोत्यांवर पडून होतो."

पुढचं अक्काच सांगायला लागल्या, आणि ऐकताना वाटलं, हे त्यांनी मनात पुष्कळदा सांगून बघितलंय. "कमलापूर ते घर, दुसऱ्या गिअरात. तिसरा कुटं असतो ते म्हाईतच नव्हतं. एक हात चाकावर, एक हात दारावर. माझा पदर उडून तोंडावर यायलाय आन हे मागनं इचारायलेत, 'आलं का गाव?' दारात आल्यावर म्हनले, कुनाला सांगू नको, लोकं हासतील. तीस वर्सं झाली. न्हाई सांगितलं."

"मग पुना कदी चालवली का न्हाई, अक्का?" आईनं विचारलं.

"ह्येंनी चावीच दिली न्हाई."

"कामून वो अप्पा?"

अप्पांनी शेडकडं बघितलं. "माझ्यापरीस बरी चालवली हिनं," ते म्हणाले. मग उठले. "रत्नपाल, पाना दे. थोरलीचा पयला बोल्ट मीच खोलतो."

महिनाभर शेडमध्ये ठोकठोक चालली होती. बोल्ट निघता निघत नव्हते. रत्नपाल शिव्या द्यायचा, अप्पा त्याला बोल्टशी गोड बोलायला शिकवायचे. मुकी सोडून बाकी तिघी संगमेश्वरला द्यायच्या ठरल्या, आणि तो रिकाम्या पत्र्यावरही खूश होता. दोशाला इंजिन लागत नाही. ठरल्या दिवशी तो क्रेन घेऊन आला, तेव्हा अप्पा लपून बसतील असं आम्हाला वाटलेलं. ते पुढं होऊन क्रेनवाल्याला सांगत होते, "हिला मागनं उचल. म्होरनं उचलली की रडती."

"अप्पा, आता हिच्यात इंजिनच न्हाई. कुटनं रडंल?"

"तरी मागनंच उचल," अप्पा म्हणाले. आणि त्यानं मागूनच उचलली. यल्लम्मा पदरानं डोळे पुसत होती, आणि सुधारानी शिंकत होती.

शेड एकदम मोठं दिसायला लागलं. मधोमध एकटी मुकी, आतून चौघींची. रत्नपालनं ती चालू करून दाखवली. हा आवाज मला अजून तोंडानं काढायला जमत नाही. सुरुवात थोरलीची, ढग्... ढग्..., मधी खोकलीची एक बारीक ठसक, गिअर टाकला की गाणारीची कुरकुर, आणि ह्या तिन्हींच्या खाली आणखी काहीतरी, जे आधी कुणाचंच नव्हतं.

अप्पा सवयीनं उजव्या दाराशी गेले. आत अक्का बसल्या होत्या, पदर खोचून, दोन्ही हात चाकावर. अप्पा बोनेटला हात लावत पुढून वळसा घालून डाव्या दाराला गेले.

"क्लच सावकाश सोड," ते म्हणाले.

"बसा तर आदी," अक्का म्हणाल्या.