प्रेमाचे इंग्रजी वाक्प्रचार आणि एक कोयता

पाथर्डीकडच्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. बारावीला प्रेमाचे वाक्प्रचार काढले की मागच्या बाकांवर खसखस पिकते, हे ठरलेलं. यंदा मात्र पहिल्या बाकावरची एक मुलगी नुसत्या अर्थावर गप्प बसेना. प्रत्येक वेळी तिचं एकच, "मॅडम, हे आलं कुठून?" मग मीही घरून वाचून यायला लागले.

'हेड ओव्हर हील्स' म्हणजे प्रेमात आकंठ बुडणं. पण डोकं टाचांच्या वर असतंच की, त्यात विशेष ते काय? मुळात ते उलटं होतं, टाचा डोक्यावर, म्हणजे सरळ कोलांटी. बोलता बोलता लोकांनी फिरवलं आणि कुणी दुरुस्त केलं नाही. 'हार्ट ऑन युवर स्लीव्ह' म्हणजे मनातलं प्रेम उघड मिरवणं. तिकडचे जुने सरदार झुंजीला उतरताना लाडक्या बाईचा रुमाल बाहीला बांधायचे, त्यावरून आलं असं सांगतात. 'टाय द नॉट' म्हणजे लग्न करणं. पूर्वी तिथे वधूवरांचे हात कापडाने बांधत म्हणे.

"आपल्याकडं शालू-उपरण्याची गाठ मारत्यात, तसंच की," ती म्हणाली. इतकी हुशार पोर मला फार वर्षांत मिळाली नव्हती. पुढे ती इंग्रजीच घेणार, हे आम्ही दोघींनी ठरवूनही टाकलं होतं.

दसऱ्यानंतर ती कॉलेजात दिसेना. घरी गेले, तर अंगणात मांडव. ऊसतोडीला मुकादम नवरा-बायकोची जोडी बघतो. त्या जोडीला म्हणतात एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा. म्हणून आमच्या भागात उसाच्या फडावर निघण्याआधी, मुहूर्त-बिहूर्त न बघता, लग्नं उरकतात. तिला अठरा नुकतीच पुरी झालेली, त्यामुळे कायद्याचाही आधार नव्हता. मी तिच्या वडिलांवर तोंडसुख घेतलं.

"मॅडम, तुमचं खरं हाय," ते शांतपणे म्हणाले. "पन आमी समदे फडावर चाललो. पोरीला घरी एकली कुनाच्या भरवशावर ठिवू? पोरगं चांगलं हाय. परीक्षेला धाडतो म्हनलंय."

मी जावयाचा फोन नंबर तेवढा लिहून घेतला आणि निघाले.

फेब्रुवारीत, परीक्षा तोंडावर आल्यावर, मी फोन केला. ती दोघं कोपरगावकडे ऊस तोडत होती. आधी नवऱ्याने उचलला. "मी सोवता एसटीत बसवून देतो, काळजी करू नका," म्हणाला. मी भांडायच्या तयारीने बसलेली. तो इतका सरळ निघेल असं वाटलं नव्हतं. मग ती बोलायला आली.

"मी न्हाई येत, मॅडम."

"अगं, तो पाठवतोय ना?"

"त्येच तर. पन मी आले की हे एकले पडत्यात. मग तोडायचं बी ह्यांनीच, मोळ्या वाहायच्या बी ह्यांनीच. पाठ धरलीय त्यांची, तरी बोलत न्हाईत. मला न्हाई बघवत."

मी रागावले, वर्ष वाया जाईल म्हणाले, शेवटी अक्षरशः हात जोडले. ती सगळं ऐकून घेत होती. बाप, मुकादम, नवरा, कुणाशीही भांडायची माझी तयारी होती. पण तिला कुणी अडवतच नव्हतं. तो तिला आवडायला लागला होता. तिचं शिक्षण तेवढ्यावर संपलं.