सोडलेलं पान

कार्डांच्या स्पर्धेत प्रत्येकाला चित्रांच्या पानांचं एक बंद पाकीट मिळतं; त्यातलं एक पान आपण ठेवायचं, उरलेली डावीकडच्या शेजाऱ्याकडे सरकवायची आणि अशी जमवलेली पानं घेऊन मग एकमेकांशी खेळायचं. मी पहिल्याच डावात बाद झाले आणि दुसऱ्या डावाची पाकिटं उघडली तेव्हा एका तरुणामागे जाऊन उभी राहिले. त्याच्या डावीकडे त्याची बायको बसली होती. ती ड्रॅगनची पानं जमवते हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याच्या पाकिटात नेमका ड्रॅगन निघाला. तो स्वतःकडे अडवून ठेवण्यातच खरी हुशारी होती. त्याने तो गुपचूप तिच्याकडे जाऊ दिला.

पुढे त्याच पानाने तिने त्याला हरवलं.

"मुद्दाम सोडलास ना?" तिने विचारलं. त्याने हसत मान डोलावली.

"मला तुझ्याशी खरंखुरं खेळायचं होतं रे," ती म्हणाली.

प्रेमात सोडून द्यावं, एवढंच मला माहीत होतं. बरोबरीचं मानून अडवणं हेही प्रेमच असेल, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. पुढच्या डावाला ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, त्याची पानं थेट तिच्याकडे येणार नाहीत अशा जागी, जाऊन बसली.