दत्ताच्या रिमोटचा सेल

चौघांनी एकाच गाडीतून रोज पेणहून रोह्याला कंपनीत जायचं म्हटलं की किस्से आपोआप साठतात. आमचे निम्मे तर दत्ताच्या रिमोटचेच आहेत!

दत्ता आमच्या मेंटेनन्समधला. गाडी सेकंडहँड, पण सायरनवाला रिमोट मुंबईहून नवाकोरा बसवून आणलेला. तेव्हा पेणमध्ये असली चीज कुणी पाहिली नव्हती. लग्न काही जमत नव्हतं बिचाऱ्याचं. “मला बघून नाय, गाडी बघून तरी देतील,” म्हणायचा.

*

चहावाला दिसला, दाब बटण. कोलाडला वडा खायला थांबलो, दाब बटण! महिन्याभरात आतला रुपयाएवढा चपटा सेल मेला.

मागच्या सीटवरचा सावंत म्हणाला, “गाडीपेक्षा बटणच जास्त चाललं रे!”

*

सेल मेल्यावर किल्लीने दार उघडलं की सायरन बोंबलायचा. तसेच बोंबलत कंपनीत शिरलो. आमच्याकडे सायरन म्हणजे गॅस गळाला! अख्खी फर्स्ट शिफ्ट मैदानात येऊन उभी.

मॅनेजर खूश. “आजचं ड्रिल एकदम छान!”

*

दत्ताची आई म्हणाली, “टॉर्चचे सेल उन्हात ठेवले की जगतात, ह्यो का नाय जगणार?” ठेवला गच्चीवर पोह्याच्या पापडांशेजारी. संध्याकाळी पापडांबरोबर तोही डब्यात गेला आणि डबा आत्याकडे.

आत्याचा फोन आला. “वहिनी, पापड झक्क फुलतात. पन एक बारका गोल काय केल्या फुलत नाय!”

*

शेवटी नवा सेल आणला. “रोज कंप्रेसर खोलतो मी, ह्याला काय मेकॅनिक लागतोय?” म्हणत दत्ताने रिमोट ओट्यावर सुरीने उघडला. सेल बसला, गाडी बोलली. झाकण मात्र काही केल्या बसेना, म्हणून वरून चिकटपट्टी मारली.

आई म्हणाली, “आता माझी सुरी तेवढी सरळ करून दे.”

*

त्याच आठवड्यातल्या रविवारी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात मुलगी बघायला गेलो. दत्ता, त्याची आई आणि मी. दत्ताने गाडी अंगणात लावली आणि सगळ्यांदेखत ऐटीत लॉक केली.

पोहे यायच्या आत शेजारच्या बकरीने बॉनेटवर उडी मारली. सायरन सुरू! दत्ताने घाईघाईने खिशातून रिमोट ओढला, झाकण निघालं आणि सेल घरंगळत पलंगाखाली. दत्ता वाकला, मी वाकलो, मुलीचे वडीलही वाकले. बाहेर अर्धी अष्टमी गोळा झाली. हेही स्थळ गेलं, या विचाराने मला खरंच वाईट वाटलं.

मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा तिला नुसत्या आमच्या पाठी दिसल्या.

“यातला नवरा मुलगा कोण?”

दत्ताने पलंगाखालून हात वर केला.

“गाडी रोज अशीच ओरडते?”

“नाय, कधीमधी.”

“आणि तुमी?”

“मी नाय ओरडत.”

तिने पोहे खाली ठेवले, पदर खोचला, पलंगाचं एक टोक धरलं आणि म्हणाली, “अहो, ती बाजू उचला!”